विभाजकांची सरासरी काढताना बेरीज कुठे तोडायची

९६ ला १२ विभाजक आहेत, ९७ ला २, ९८ आणि ९९ ला प्रत्येकी ६, १०० ला ९. या उड्यांमध्ये डोळ्यांना कुठलाच नियम दिसत नाही. पण १ ते १०० मधल्या सगळ्या संख्यांच्या विभाजकांची मोजदाद एकत्र केली तर ४८२ होते, म्हणजे सरासरी ४.८२. हीच सरासरी १००० पर्यंत ७.०६९ आणि १०,००० पर्यंत ९.३६६८ भरते. दर टप्प्याला साधारण २.३ ची भर पडते, आणि १० चा नैसर्गिक लॉग २.३०२६ आहे. एकेकट्या संख्येत लपलेला नियम बेरजेत उघड होतो, म्हणून अशा फलनांचा अभ्यास सरासरीपासून सुरू करतात.

साताऱ्यात किंवा सांगलीत एम.एस्सी.ला संख्या सिद्धांत घेणाऱ्यांना या सरासरीच्या सूत्राची डिरिक्ले या गणितज्ञाने दिलेली सिद्धता पाठ असते, तरी नवं फलन समोर आलं की सुरुवात कुठून करायची ते सुचत नाही. याचं कारण असं की सिद्धतेत मुख्य पदाकडेच, म्हणजे सूत्रातल्या सर्वांत मोठ्या भागाकडेच, लक्ष जातं. मुख्य पद बहुतेक वेळा सहज मिळतं. खरं काम त्रुटी पदाचं, म्हणजे उरलेल्या फरकाच्या मर्यादेचं, असतं. ते लहान राहणार की मुख्य पदाला गिळून टाकणार, हे दोनच गोष्टींवर ठरतं: बेरीज कुठे तोडली आणि कोणतं चल आत ठेवलं. पुढचं सगळं याच दोन निर्णयांबद्दल आहे.

चिन्हं अशी वापरू. न च्या विभाजकांची संख्या वि(न). त्यांची १ ते क्ष पर्यंतची बेरीज बे(क्ष). [क्ष] म्हणजे क्ष चा पूर्णांक भाग. ओ(√क्ष) म्हणजे एखाद्या स्थिरांकापट √क्ष पेक्षा मोठी नसलेली राशी. लॉग सगळीकडे नैसर्गिक. कॅल्क्युलेटरवर 'लॉग' लिहिलेलं बटण दहाच्या पायाचं असतं, आपल्याला 'एलएन'चं बटण हवं. चुकीचं बटण दाबलं तर पुढे येणाऱ्या सूत्रातून १०० साठी ४७६ च्या जागी २१५ येतात, आणि माणूस सूत्रातच चूक शोधत बसतो.

आधी हाताने तक्ता

१ ते २० आकडे एका ओळीत लिहा. १ च्या सगळ्या पटींखाली एकेक खूण करा, मग २ च्या पटींखाली, मग ३ च्या, असं २० पर्यंत. प्रत्येक आकड्याखाली जितक्या खुणा जमतील तितके त्याचे विभाजक. हा तक्ता टाळू नका, कारण पहिली युक्ती त्यातच आहे. बेरीज दोन तऱ्हांनी करता येते: उभ्या रांगा मोजल्या तर वि(१)+वि(२)+…, आणि फेरीनिहाय मोजल्या तर अ च्या फेरीत [क्ष/अ] खुणा. म्हणून

बे(क्ष) = [क्ष/१] + [क्ष/२] + [क्ष/३] + … + [क्ष/क्ष].

क्ष = १० घ्या: १०+५+३+२+२+१+१+१+१+१ = २७. उभ्या रांगांची बेरीजही २७ च येते. बेरजेचा क्रम बदलला एवढंच. पण वि(न) सारखं बेभरवशाचं फलन गेलं आणि त्याच्या जागी क्ष/अ हे गुळगुळीत फलन आलं.

आता [क्ष/अ] च्या जागी क्ष/अ लिहा. प्रत्येक पदात १ पेक्षा कमी चूक होते आणि पदं क्ष आहेत, म्हणून एकूण चूक ओ(क्ष). १ + १/२ + … + १/क्ष ही (हार्मोनिक) बेरीज लॉग क्ष + गॅमा + ओ(१/क्ष) असते. गॅमा म्हणजे ऑयलरचा स्थिरांक ०.५७७२१५६६… म्हणून बे(क्ष) = क्ष लॉग क्ष + ओ(क्ष).

इथे थांबा. बरेच जण या टप्प्यावर क्ष लॉग क्ष + गॅमा·क्ष + ओ(क्ष) असं लिहितात. ते चुकीचं नाही, पण निरर्थक आहे: त्रुटीच क्ष एवढी असताना गॅमा·क्ष वेगळं दाखवून काहीच कळत नाही. वर त्यावर विश्वास ठेवून आकडा काढला तर फसगत होते. क्ष = १००० ला ६९०७.८ + ५७७.२ = ७४८५ येतात; खरी बेरीज ७०६९ आहे. टाकून दिलेले अपूर्णांक भाग एकत्र येऊन जवळपास (१ − गॅमा)·क्ष होतात, म्हणजे ०.४२२८ क्ष. ते सरासरी अर्धे असतील असं वाटतं, पण तसं नाही. अ हा क्ष/२ आणि क्ष यांच्या मध्ये असेल तर [क्ष/अ] नेहमी १ च असतो, आणि त्या पट्ट्यातल्या अपूर्णांक भागांची सरासरी ०.३८६ च भरते. गॅमा मधून १ − गॅमा वजा केला की २·गॅमा − १ = ०.१५४४ उरतो. क्ष चा खरा सहगुणक हाच आहे. पण तो सिद्ध करायचा तर त्रुटी आधी क्ष च्या खाली आणावी लागते.

√क्ष पाशी तोडणे

बे(क्ष) म्हणजे अ·ब ≤ क्ष पाळणाऱ्या (अ, ब) या धन पूर्णांक जोड्यांची संख्या, म्हणजेच अ·ब = क्ष या वक्राच्या (हायपरबोलाच्या) खालचे पूर्णांक बिंदू. तासगावकडच्या द्राक्षबागेत एकेक वेल न मोजता आकडा हवा असेल तर क्षेत्रफळाला एका वेलीच्या वाट्याच्या जागेने भागतात. चौरस बागेत हा अंदाज बांधालगतच्या वेलींपुरताच चुकतो. पण रान लांबलचक आणि चिंचोळं असेल तर बांधच जास्त आणि आतलं क्षेत्र कमी, मग अंदाज कामाचा राहत नाही. हायपरबोलाखालच्या भागाला दोन्ही अक्षांलगत अशाच चिंचोळ्या शेपट्या आहेत. अ हा √क्ष च्या पुढे गेला की प्रत्येक उभा स्तंभ बुटका होतो. असे बुटके स्तंभ जवळपास क्ष आहेत, आणि प्रत्येक जण एकापर्यंतची चूक पदरात टाकतो.

उपाय सरळ आहे. आडवी शेपटी स्तंभांनी न मोजता ओळींनी मोजायची. ओळी √क्ष च आहेत, आणि प्रत्येक ओळ लांब आहे. आकृती कर्णाभोवती सममित असल्याने दोन्ही भाग सारखेच भरतात. मधला √क्ष बाजूचा चौरस दोनदा मोजला जातो, तो एकदा वजा करायचा:

बे(क्ष) = २·( [क्ष/१] + [क्ष/२] + … + [क्ष/र] ) − र^२, जिथे र = [√क्ष].

१०० साठी करून पाहा. १०० + ५० + ३३ + २५ + २० + १६ + १४ + १२ + ११ + १० = २९१. दुप्पट ५८२, त्यातून १०० वजा, ४८२. शंभर भागाकारांच्या जागी दहा पुरले.

आता अंदाज. कंसातली बेरीज क्ष·(लॉग √क्ष + गॅमा + ओ(१/√क्ष)) + ओ(√क्ष). दुप्पट केल्यावर क्ष लॉग क्ष + २·गॅमा·क्ष + ओ(√क्ष). र^२ म्हणजे क्ष + ओ(√क्ष). नेमका क्ष नव्हे, कारण र मध्ये १ पर्यंतची चूक आहे आणि वर्ग करताना ती २√क्ष पट होते. शेवटी

बे(क्ष) = क्ष लॉग क्ष + (२·गॅमा − १)·क्ष + ओ(√क्ष).

डिरिक्लेने हे १८४९ मध्ये दिलं. परीक्षेत गुण जातात ते तीन जागी: चौरस वजा करायला विसरणं, र^२ च्या जागी बिनदिक्कत क्ष लिहिणं, आणि हार्मोनिक बेरजेतला ओ(१/√क्ष) क्ष ने गुणल्यावर √क्ष एवढा होतो हे न दाखवणं.

सूत्र आकड्यांवर तपासा. १० साठी सूत्र २४.५७ देतं, खरी बेरीज २७, फरक २.४३. १०० साठी ४७५.९६ आणि ४८२, फरक ६.०४. १००० साठी ७०६२.१९ आणि ७०६९, फरक ६.८१. १०,००० साठी ९३,६४७.७२ आणि ९३,६६८, फरक २०.२८. फरक √क्ष पेक्षा बराच लहान आहे, पण सगळीकडे धन का? कारण १०, १००, १००० या संख्यांना भरपूर विभाजक आहेत, आणि बेरीज नेमकी त्यांच्या उडीनंतर थांबवली आहे. शेवटच्या पदाचा अर्धाच भाग धरा, म्हणजे अनुक्रमे २, ४.५, ८ आणि १२.५ वजा करा. फरक ०.४३, १.५४, उणे १.१९ आणि ७.७८ होतो. त्रुटीचा आलेख काढणाऱ्याने ही अर्ध्या पदाची रीत सुरुवातीपासून पाळावी, नाहीतर आकड्यांत नसलेला कल दिसू लागतो.

√क्ष ही शेवटची मर्यादा नाही. व्होरोनॉयने १९०३ मध्ये घातांक १/३ पर्यंत आणला (लॉगचा गुणक वगळून), हक्स्लीने २००३ मध्ये १३१/४१६ पर्यंत, म्हणजे सुमारे ०.३१४९. १/४ च्या खाली तो जाऊ शकत नाही हे हार्डीने १९१६ मध्येच दाखवलं होतं. मधली फट अजून उघडी आहे.

√क्ष हा काही मंत्र नव्हे

दोन्ही बाजू सारख्या असल्या तरच √क्ष पाशी तोडावं. समजा वि३(न) म्हणजे न हा तीन अवयवांचा गुणाकार म्हणून क्रमासह किती प्रकारे लिहिता येतो ती संख्या. न = अ·ब असं लिहून अ ला वजन वि(अ) द्या आणि ब ला १. ब ≤ य आणि अ ≤ झ असं तोडा, य·झ = क्ष ठेवा.

ब च्या बाजूला प्रत्येक ब साठी बे(क्ष/ब) लागतो, त्याची त्रुटी √(क्ष/ब). ब = १ ते य बेरीज केली की सुमारे २√(क्ष·य). अ च्या बाजूला प्रत्येक अ साठी [क्ष/अ] ची त्रुटी १, पण वजन वि(अ), म्हणून एकूण झ लॉग झ, म्हणजे साधारण (क्ष/य)·लॉग क्ष. य वाढवला की पहिली त्रुटी वाढते, दुसरी घटते. दोन्ही सारख्या होतात तेव्हा य^(३/२) = क्ष^(१/२), म्हणजे य = क्ष^(१/३) आणि झ = क्ष^(२/३). दोनदा मोजलेला भाग वजा करताना बे(झ)·[य] येतो. त्याची त्रुटीही याच मापात बसते, ते तपासून घ्या. एकूण त्रुटी ओ(क्ष^(२/३) लॉग क्ष). सवयीने √क्ष पाशी तोडलं असतं तर क्ष^(३/४) आली असती. म्हणून कोणतंही नवं फलन आलं की तोडायची जागा आकड्याने ठरवू नका, अक्षराने ठेवा. दोन्ही बाजूंच्या त्रुटी लिहा, त्या समान करा, मग अक्षराची किंमत काढा.

आत कोण, बाहेर कोण

सिग्मा(न), म्हणजे विभाजकांची बेरीज. न = अ·ब लिहून ब ची बेरीज घ्यायची आहे. दोन वाटा आहेत. ब बाहेर ठेवला तर ब·[क्ष/ब] यांची बेरीज करावी लागते. प्रत्येक पद क्ष आहे, पण त्यातली चूक ब पर्यंत जाते, आणि चुकांची बेरीज क्ष^२/२ पर्यंत. मुख्य पद क्ष^२ आणि त्रुटीही क्ष^२ च्याच मापाची: हाती काही लागलं नाही.

आता अ बाहेर ठेवा. आत ब = १ ते [क्ष/अ] यांची बेरीज क्ष^२/(२अ^२) + ओ(क्ष/अ). बाहेर १/अ^२ ची बेरीज अभिसारी (ठरावीक किमतीकडे जाणारी) आहे आणि अनंतापर्यंत पाय^२/६ होते. क्ष च्या पुढचं शेपूट ओ(१/क्ष). त्रुटींची बेरीज ओ(क्ष लॉग क्ष). उत्तर (पाय^२/१२)·क्ष^२ + ओ(क्ष लॉग क्ष). १०० साठी सूत्र ८२२४.७ सांगतं, खरी बेरीज ८२९९. फरक ७४, आणि १००·लॉग १०० आहे ४६०, ठीक बसतंय. नियम असा धरा: ज्या चलाचं वजन जास्त ते आत, कारण त्याची बेरीज सूत्राने अचूक करता येते, हलकं चल बाहेर, तिथे अभिसारी मालिका मिळते.

इथे एक गोंधळ वारंवार होतो. १ ते क्ष मधल्या सिग्मा(न) ची सरासरी (पाय^२/१२)·क्ष आहे, पण न च्या आसपास सिग्मा(न) सरासरीने (पाय^२/६)·न असतो. दोन्ही विधानं खरी आहेत. पहिल्यात लहान संख्याही मोजल्या गेल्याने अर्धा येतो. प्रश्नात कोणती सरासरी विचारली आहे ते वाचूनच उत्तर लिहावं.

फाय(न), म्हणजे न पर्यंतच्या न शी सहमूळ संख्यांची मोजणी, याच वाटेने जातो. फक्त बाहेर म्यू(अ) येतो: अ ला एखाद्या मूळ संख्येच्या वर्गाने भाग जात असेल तर तो शून्य, नाहीतर अ च्या मूळ अवयवांची संख्या सम असेल तर १ आणि विषम असेल तर उणे १. १/अ^२ च्या जागी म्यू(अ)/अ^२, त्याची बेरीज ६/पाय^२, म्हणून (३/पाय^२)·क्ष^२ + ओ(क्ष लॉग क्ष). १०० साठी ३०३९.६ आणि खरी ३०४४.

वर्गमुक्त संख्या (१ पेक्षा मोठ्या कोणत्याही वर्गाने भाग न जाणाऱ्या) मोजणं याहून सोपं, आणि हाताने करण्यासारखं. म्यू(अ)·[क्ष/अ^२] यांची बेरीज, अ फक्त √क्ष पर्यंत. १०० साठी: १०० − २५ − ११ − ४ + २ − २ + १ = ६१. पदं अनुक्रमे अ = १, २, ३, ५, ६, ७, १० ची; ४, ८, ९ ला म्यू शून्य आहे. अंदाज ६०.७९, आणि त्रुटी ओ(√क्ष), कारण पदंच √क्ष आहेत.

मूळ अवयवांची सरासरी आणि तिची मर्यादा

न च्या वेगवेगळ्या मूळ अवयवांची संख्या ओमेगा(न) म्हणा. बेरीज [क्ष/प], प या मूळ संख्यांवर. मर्टेन्सने १८७४ मध्ये १/प ची बेरीज लॉग लॉग क्ष + ०.२६१५ + ओ(१/लॉग क्ष) दाखवली, म्हणून उत्तर क्ष लॉग लॉग क्ष + ०.२६१५·क्ष + ओ(क्ष/लॉग क्ष). १०० साठी अंदाज १७८.९ आणि खरी बेरीज १७१. फरक मोठा वाटतो. पण १०० पर्यंत २५ मूळ संख्या आहेत आणि प्रत्येकीमागे एकापर्यंत चूक, म्हणून २५ पर्यंतची घट चालायचीच. इथे हायपरबोलाची (√क्ष सारख्या जागी तोडण्याची) रीत लावून फारसं साधत नाही, कारण मूळ संख्यांची मोजणीच लॉगच्या मापाने अडलेली आहे.

सरासरी आणि नेहमीची संख्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वि(न) ची सरासरी लॉग न, पण बहुतेक संख्यांना विभाजक साधारण (लॉग न)^०.६९३ एवढेच असतात; ०.६९३ म्हणजे लॉग २. हार्डी आणि रामानुजन यांनी १९१७ मध्ये सिद्ध केलं की जवळपास सगळ्या संख्यांना लॉग लॉग न च्या आसपास मूळ अवयव असतात, आणि वरचा घातांक तिथूनच येतो. सरासरी वर खेचतात त्या मोजक्या, भरपूर विभाजकांच्या संख्या. रामानुजनने १९१६ मध्ये दिलेला वर्गांचा अंदाज हेच सांगतो: वि(न)^२ ची बेरीज (१/पाय^२)·क्ष·(लॉग क्ष)^३ च्या मापाची आहे. सगळ्या संख्या सरासरीच्या जवळ असत्या तर घातांक ३ नाही, २ आला असता.

वजन बदलायचं असेल तर

बे(क्ष) हातात असेल तर वि(न)/न ची बेरीज आंशिक बेरजेने मिळते: बे(क्ष)/क्ष, अधिक बे(ट)/ट^२ चं १ ते क्ष इंटिग्रल. इंटिग्रलमधून (१/२)(लॉग क्ष)^२ + (२·गॅमा − १) लॉग क्ष येतं, आणि सीमेवरच्या पदातून आणखी एक लॉग क्ष. मिळून (१/२)(लॉग क्ष)^२ + २·गॅमा·लॉग क्ष + ओ(१). सीमेचं पद विसरलं की २·गॅमा च्या जागी २·गॅमा − १ राहतो. उत्तर दिसायला बरोबर वाटतं, म्हणून ही चूक लवकर सापडत नाही.

उलट्या दिशेने मात्र जाऊ नका. फ(न)/न ची बेरीज माहीत आहे म्हणून फ(न) ची बेरीज मिळेलच असं नाही. मर्टेन्सची १/प ची बेरीज प्राथमिक साधनांनी १८७४ मध्ये सिद्ध झाली. मूळ संख्या किती आहेत, याचं प्रमेय त्यानंतर २२ वर्षांनी, १८९६ मध्ये आदामार आणि द ला व्हाले पूसँ यांनी सिद्ध केलं, आणि त्याला झीटा फलनाचं (झीटा(स) = १ + १/२^स + १/३^स + …) विश्लेषण लागलं. न ने भागल्यावर मोठ्या पदांचं वजन घटतं आणि त्यांच्यातली गडबड झाकली जाते. ती परत उलगडता येत नाही.

मुख्य पदाचा अंदाज आधीच हवा असेल तर झीटा उपयोगी पडतो. वि(न)/न^स ची मालिका झीटाचा वर्ग आहे, त्याला स = १ पाशी दुहेरी पोल आहे (तिथे ती १/(स − १)^२ सारखी अनंताकडे जाते), म्हणून एक लॉग. तिथला रेसिड्यू काढला की क्ष(लॉग क्ष + २·गॅमा − १) थेट हाती येतो. वि३ ला तिहेरी पोल, म्हणून (१/२)·क्ष·(लॉग क्ष)^२ पासून सुरुवात. सिद्धता लिहिण्याआधी हे करून ठेवा. हायपरबोलाने वेगळं काही आलं तर चूक कुठे ते शोधायला सोपं जातं.

संगणकावर तपासताना भागाकार पूर्णांकाचाच वापरा. [√क्ष] दशांश वर्गमुळातून काढू नका; मोठ्या क्ष ला तो कधी एकाने कमी-जास्त येतो आणि उत्तर चुकतं. पायथनमध्ये पूर्णांक वर्गमुळाचं वेगळं फंक्शन आहे, ते घ्या. क्ष = १०,००,००० ला हायपरबोलाच्या सूत्राने फक्त १००० भागाकार लागतात; बेरीज १,३९,७०,०३४ आली पाहिजे, आणि सूत्राचा अंदाज १,३९,६९,९४१.९.